पडली तिने मारू नये

गुडरुन लिपिन्स्कीने हाल्डेनरोडच्या संघासाठी एकूण किती गोल मारले, असं आमच्याकडे विचारलंत तर तीन वेगवेगळे आकडे मिळतील. एक क्लबच्या भिंतीवरच्या फळीवर रंगवलेला आहे, दुसरा कुंपणापाशी उभं राहणाऱ्या म्हाताऱ्या कुबिकच्या डोक्यात आहे आणि तिसरा स्वतः गुडरुन सांगते. तिचा आकडा सगळ्यांत कमी. "त्यातले बरेच ऑफसाइड होते," ती म्हणते, "रेफरी झोपलेले असायचे." पंधरा वर्षं मी त्याच संघाची गोलकीपर होते. त्यानंतर सत्तावीस वर्षं ती कोच आणि मी मैदानाच्या कडेच्या टपरीच्या खिडकीत सॉसेज भाजणारी. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणालाच नाही. मी मार्लीस. तिच्यावर बत्तीस वर्षं मनातून रागावलेली तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण.

रागाचं कारण सांगेनच. पण आधी तिचं सांगते, नाहीतर तुम्ही माझीच बाजू घ्याल.

आम्ही दोघी खाणकामगारांच्या घरांच्या एकाच रांगेत वाढलो. तिचे वडील फ्रान्झ खाणीत उतरायचे आणि वर आले की शर्यतीच्या कबुतरांत रमायचे. गुडरुन आठ-नऊ वर्षांची असताना कबुतरखान्याच्या दारावर बॉल मारत बसायची. धाड, धाड, धाड. एका रविवारी फ्रान्झचं सगळ्यांत वेगवान कबुतर तीनशे किलोमीटर उडून पहिलं आलं आणि त्या आवाजाला घाबरून खाली उतरेचना. छपरावर बसून राहिलं. तोवर शेजारच्या गल्लीतल्या माणसाचं कबुतर आपल्या कबुतरखान्यात शिरलं, वेळ तिथेच मोजतात, आणि शर्यत गेली. सगळ्या रांगेला वाटलं, आता पोरीची पाठ सोलून निघणार. फ्रान्झने खडू घेतला, पलीकडच्या घराच्या कोळशाच्या कोठारावर एक मोठा चौकोन काढला आणि म्हणाला, "इथे मार. हा कबुतरं पाळत नाही." गुडरुनचं शिक्षण त्या चौकोनावर झालं.

तेव्हा बायकांना क्लबच्या मैदानावर खेळायला बंदी होती. नियमच होता तसा. तो उठला १९७० साली, आणि उठला तोही भीत भीत. बायकांनी अर्ध्या अर्ध्या तासाचे दोनच डाव खेळायचे, बुटांना खिळे नकोत, बॉल मुलांचा लहान आणि हिवाळ्यात तर घरीच बसायचं. का, तर आमची शरीरं नाजूक. माझी आई दिवसभर लाँड्रीत ओल्या चादरींच्या टोपल्या उचलायची, तिला मी हे वाचून दाखवलं. ती इतकी हसली की खुर्चीत बसावं लागलं तिला. पुढच्या वर्षी आमचा संघ उभा राहिला. गुडरुन पंधरा वर्षांची होती आणि मी चौदा.

मैदान लाल राखेचं होतं. पडलं की गुडघ्यात खडे रुतायचे आणि काढले तरी सगळे निघायचे नाहीत. गुडरुनच्या डाव्या गुडघ्यात अजून तीन लाल ठिपके आहेत. कुणी विचारलं की ती सांगते, हा अमक्या गावचा, हा तमक्या गावचा. ती स्ट्रायकर होती आणि फार दिसायची नाही. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सामनाभर ती मैदानात कुठे आहे हे तुम्हाला सांगता आलं नसतं. बचाव करणाऱ्या पोरींनाही नाही. आणि मग बॉल जिथे पडायचा तिथे ती आधीच उभी असायची. मी एकदा विचारलं, "तुला कसं कळतं गं?" ती म्हणाली, "सगळ्या बॉलच्या मागे धावतात. मी जिथे कुणीच नाही तिथे जाते. गर्दी मला आवडत नाही."

पोटासाठी ती टपाल खात्यात लागली. पोस्टवाली. रोज बारा किलोमीटर पायी आणि संध्याकाळी सराव. एकोणऐंशी साली प्रादेशिक संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा ते पत्र तिनेच सकाळी आपल्या पिशवीत लावलं, वाटेतल्या सगळ्या घरांची पत्रं आधी टाकली आणि मग आपल्या दारात येऊन आपल्या पेटीत टाकलं. संध्याकाळी घरी येऊन पेटी उघडली आणि तेव्हा फोडलं. "नियम म्हणजे नियम," म्हणाली. अशी ही बाई. चार दिवस शिबिरात राहून आली. आम्ही सगळ्या स्टेशनवर. कसं झालं? "जेवण चांगलं होतं," एवढंच म्हणाली. निवड झाली नव्हती. पुढच्या रविवारी तिने चार गोल मारले आणि त्या शिबिराचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता माझ्या रागाकडे येते.

आमच्या देशात फुटबॉलमधली एक म्हण आहे. पोराला चालता यायच्या आधी ती त्याच्या कानावर पडते: पडला त्याने मारू नये. म्हणजे गोलसमोर ज्याला पाडलं आणि पेनल्टी मिळाली, त्याने स्वतः ती मारायची नाही, दुसऱ्याला द्यायची. पडलेल्याचं डोकं ठिकाणावर नसतं म्हणे. कुणी सिद्ध केलंय? कुणीच नाही. पण ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नाही तेही कुंपणाला टेकून ही म्हण ओरडतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

१९८३ साली आम्ही जिल्हा चषकाच्या अंतिम सामन्यात होतो. हाल्डेनरोडच्या बायका तिथवर कधी गेल्या नव्हत्या. शहरातलं मोठं मैदान, खरं गवत आणि सहाशे माणसं. एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, आणि गुडरुनला पाडलं. पेनल्टी. आमची नेहमी पेनल्टी मारणारी उला पाय मुरगळून बाहेर बसली होती. कुंपणावरून सगळं हाल्डेनरोड ओरडायला लागलं, "पडली तिने मारू नये! पडली तिने मारू नये!"

गुडरुन उठली. एका हाताने गुडघा धरला, दुसऱ्या हातात बॉल घेतला आणि लंगडत लंगडत अख्खं मैदान ओलांडून माझ्याकडे आली. माझ्याकडे! मी गोलकीपर. "तू मार," ती म्हणाली, "सगळ्यांत जोरात तू मारतेस." खोटं नव्हतं ते. मी घरच्या मैदानावरून मारलेला बॉल कुंपणापलीकडच्या स्मशानात जायचा. मी सव्वीस वर्षांची होते, सहाशे माणसं बघत होती आणि गुडरुन लिपिन्स्कीने स्वतः होऊन विचारलं होतं. मी गेले.

मी जोरातच मारला. तो वरच्या आडव्या दांड्यावर असा आदळला की गोल हलला. आणि परत आला. नुसता परत नाही, माझ्या डोक्यावरून मैदानाच्या मध्यापर्यंत गेला. तिथे त्यांची एक चिमुरडी पोर उभी होती. तिने बॉल घेतला आणि ती पळत सुटली. मी तिच्या मागे. माझाच गोल समोर सताड उघडा, मी त्याच्याकडे धावतेय, आणि ती पोर माझ्या पुढे. तिने आत जाण्याआधी बॉल थांबवला, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग अलगद आत ढकलला. ते अलगद ढकलणं मला अजून दिसतं.

दोन-एक. आम्ही हरलो. त्या दिवसापासून हाल्डेनरोडमध्ये मला एकच प्रश्न विचारतात. बेकरीत, बसमध्ये, माझ्या लग्नात सुद्धा. "काय मार्लीस, दार लावलंस का?" पोरांना तर कारणही माहीत नाही, बापांनी शिकवलंय म्हणून विचारतात. मी हसते. हसावंच लागतं, नाहीतर जास्त विचारतात. फक्त गुडरुनने मला कधी विचारलं नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, ही इतकी रागावली आहे की हिला चेष्टाही करवत नाही.

तीन वर्षांनी तिचा गुडघा खरोखरच गेला आणि खेळ संपला. दोन वर्षं ती मैदानाकडे फिरकली नाही. पत्रं टाकायची आणि घरी जायची. मग अठ्ठ्याऐंशीत आमचा कोच काम मिळालं म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि संघ बंद पडायची वेळ आली. गुडरुनने रजा काढली आणि प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी क्रीडा शाळेत गेली. तेवीस पुरुष आणि ही एक. पहिल्या सकाळी एकाने तिला पाहून विचारलं, "कॉफी कुठे मिळेल बाई?" ही म्हणाली, "मलाही माहीत नाही. सापडली तर माझ्यासाठी एक आणा, दोन चमचे साखर." तो खरंच घेऊन आला. परीक्षेत ती दुसरी आली. पहिला तो कॉफीवाला आला, आणि "साखर कमी घालायचा तो," एवढीच तिची तक्रार होती.

कोच म्हणून तिचं काम पाहायचं तर सकाळी तिच्या टपालाच्या फेरीत पाहायला हवं होतं. कुठल्या घरात पोरी आहेत, कुठल्या अंगणातली फुलझाडं मोडलेली आहेत, कुठल्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावलाय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दारात पत्र देता देता विचारायची, "काच कुणी फोडली?" "पोराने हो." "आणि ती वरची?" "ती पोरीने." "तिला गुरुवारी साडेपाचला पाठवा." नेस्रिन अशीच सापडली. तिसऱ्या मजल्यावर रजिस्टर पत्र द्यायला गुडरुन जिना चढत होती आणि वरून बॉल घरंगळत आला, मागून अकरा वर्षांची पोर. गुडरुनने बॉल पायाने अडवला आणि परत मारला. पोरीने तो जिन्याच्या पायरीवर उभं राहून छातीवर घेतला. बाप दारात येऊन म्हणाला, "हिचा अभ्यास असतो." गुडरुन म्हणाली, "गुरुवारी साडेपाच ते सात कुणाचाच अभ्यास नसतो. इथे सही करा." त्याने पत्रासाठी सही केली आणि पोर संघात आली. आता तोच बाप कुंपणापाशी कुबिकपेक्षा मोठ्याने ओरडतो.

कोच झाल्यावर पहिल्याच दिवशी गुडरुनने सगळ्या पोरींना मैदानावर वर्तुळात बसवलं. मी टपरी झाडत होते, मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "उशिरा आलेलं चालेल, हरलेलं चालेल. एक नियम मात्र मोडायचा नाही. पडली तिनेच मारायचं."

माझ्या हातातला झाडू थांबला. पोरी हसल्या, उलटी म्हण ऐकून कुणीही हसेल. पण मला वाटलं कुणीतरी सगळ्यांसमोर मुस्काटात मारली. म्हणजे मला बॉल दिला ही चूक झाली, आणि तिचा आता नियमच करून टाकला! दर मोसमाच्या पहिल्या दिवशी तेच वाक्य. सत्तावीस मोसम. दर गुरुवारी सराव संपला की आम्ही दोघी माझ्या खिडकीत कॉफी प्यायचो, माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर ती माझ्याकडे झोपायला होती, पण त्या पेनल्टीबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आता कळतंय.

नियमाने फायदा झाला का? गावाचं म्हणणं, तोटाच झाला. खरं सांगायचं तर कुठल्याही संघाच्या जितक्या जातात तितक्याच गेल्या आणि चुकतात तितक्याच चुकल्या. पण चुकली की कुंपणावरून लगेच, "आम्ही सांगत होतो!" गेली की कुणी काही बोलायचं नाही. गुडरुन ढिम्म. सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही अशातली ती.

आणि मग २०१५ चा मोसम आला. आमच्या चार चांगल्या पोरी शिकायला बाहेर गेल्या आणि संघ घसरत घसरत तळाला पोचला. मार्चमध्ये एका गुरुवारी मी आणि गुडरुन कॉफी पीत असताना क्लबचा अध्यक्ष ओव्हरबेक माझ्या खिडकीशी आला. हा फरशांचा दुकानदार. माणूस वाईट नाही, पण काही वाईट सांगायचं असलं की आधी सॉसेज मागवतो. दोन मागवले तेव्हाच मी ओळखलं.

"गुडरुन," तो म्हणाला, "खालच्या गटात गेलात तर कार्यकारिणीने ठरवलंय. बायकांचा संघ फेल्डबेकच्या संघात मिसळायचा."

"आणि नाव?"

"नाव त्यांचं. कोचही आहे त्यांच्याकडे. तरुण आहे, लॅपटॉप घेऊन येतो."

"मी टपालाची पिशवी घेऊन येते," गुडरुन म्हणाली. "त्यात काय बिघडलं?"

"अगं, तू एकोणसाठची झालीस. बस की आता आरामात."

"मोहरीची चटणी देऊ का तुला अजून, योखेन?" मी विचारलं. ओव्हरबेकने नको म्हटलं तरी मी वाटीभर दिली.

तो गेल्यावर गुडरुन मैदानाकडे वळली. मग म्हणाली, "ह्या पोरी फेल्डबेकला जाणार नाहीत मार्लीस. दोघी-तिघी जातील. बाकीच्या घरी बसतील. मला ठाऊक आहे, मी त्यांची घरं पाहिली आहेत."

शेवटचा सामना घरच्या मैदानावर. जिंकलो तर राहिलो, बरोबरीही उपयोगाची नाही. अख्खं हाल्डेनरोड कुंपणाला टेकलं होतं. कुबिक तर सकाळी दहालाच आपली जागा धरून. आमच्या पोरी वाघिणीसारख्या खेळल्या म्हणणार नाही, त्या घाबरलेल्या सशांसारख्या पळत होत्या. पहिल्या अर्ध्यात एक गोल खाल्ला. मध्यंतरात गुडरुन त्यांना काय म्हणाली ते मी ऐकलं, कारण मी लिंबाचा चहा घेऊन गेले होते. ती म्हणाली, "सगळ्या बॉलच्या मागे धावताय. कुणीच नाही तिथे कोण जाणार?" बस, एवढंच. सत्तराव्या मिनिटाला आमची कर्णधार स्वेन्या रिकाम्या जागेत उभी होती आणि बॉल तिथे आला. एक-एक.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला नेस्रिन गोलसमोर शिरली आणि मागून तिचे पाय गेले. शिट्टी. पेनल्टी.

मी सॉसेजचा चिमटा हातात घेऊन तशीच टपरीतून बाहेर पडले आणि गुडरुनच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मागून सुरू झालंच होतं, आधी कुबिक, मग सगळे. "पडली तिने मारू नये! स्वेन्याला दे! स्वेन्याला!" नेस्रिनचा बापही ओरडत होता. ओव्हरबेकही. नेस्रिन उठली. एकोणीस वर्षांची पोर, तोंड पांढरंफटक. तिने बॉल उचलला आणि मैदान ओलांडून आमच्याकडे चालत आली. एक हात गुडघ्यावर होता.

शेजारी उभ्या असलेल्या गुडरुनचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"कोच, सगळे म्हणतायत पडली तिने मारू नये."

"मी बहिरी नाही, ऐकलं ते," गुडरुन म्हणाली. "लागलंय का?"

"थोडंसं."

"नेस्रिन, लागलंय का?"

पोरीने खाली पाहिलं. "नाही."

"भीती वाटतेय?"

"हो."

"मग तसं म्हण. स्वेन्याकडे जा, तोंडावर सांग, मला भीती वाटतेय, तू मारतेस का? ती हो म्हणाली तर दे. माझी हरकत नाही."

"पण नियम?"

"नियम भ्यायचं नाही असा नाही. म्हणीच्या मागे लपायचं नाही, असा आहे. मी लपले होते एकदा. गुडघा धरून लंगडत गेले आणि बॉल हिच्या हातात दिला." तिने माझ्याकडे न बघता अंगठ्याने मला दाखवलं. "गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. सहाशे माणसं पाहून माझी गाळण उडाली होती. मी तिला ते सांगितलं नाही. जोरात मारतेस म्हणून चढवलं आणि पाठवलं."

नेस्रिनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चिमट्याकडे पाहिलं. "मग?"

"चुकली," मी म्हणाले.

"ही मैदानात चुकली," गुडरुन म्हणाली, "मी त्याआधीच. आणि लोक अजून हिलाच विचारतात दार लावलंस का."

रेफरी लांबून ओरडला, "आज मारायची की पुढच्या रविवारी?"

नेस्रिन परत गेली. स्वेन्याजवळ थांबली, काहीतरी बोलली. स्वेन्याने हात पुढे केला, बॉल घ्यायला. नेस्रिनने बॉल बघितला, स्वेन्याला बघितलं, आणि मान हलवली. तिने तो स्वतःच खाली ठेवला. कुंपणावरचा आवाज एकदम बंद झाला. तिने फार जोरात मारला नाही. डावीकडे, खाली. गोलकीपरची बोटं लागली बॉलला, मी ऐकलं ते, गोलकीपरला तो आवाज कळतो. बॉल दांड्याला चाटून आत गेला.

दोन-एक. उरलेली मिनिटं मी पाहिलीच नाहीत. मी गुडरुनकडे बघत होते आणि ती समोर बघत होती. शेवटची शिट्टी झाली, पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, ओव्हरबेक धावत आला, "मी तर आधीपासून म्हणत होतो, हा संघ मोडायचा नाही!" आणि मी वळून खिडकीत गेले. सगळे सॉसेज करपले होते. मी रडत होते, रागाने.

तासाभराने मैदान रिकामं झालं. पोरी आत गात होत्या. गुडरुन खिडकीशी आली, कॉफी मागितली नाही.

"बत्तीस वर्षं," मी म्हणाले. "बत्तीस वर्षं मी मान खाली घालून हसतेय. तुला एकदा सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगत होते की. दर मोसमाच्या पहिल्या दिवशी. तू खिडकीत असायचीस."

"मला वाटायचं तो टोमणा मला आहे!"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "तुला? अगं, तो मला होता. दुसऱ्या कुठल्या पोरीने कुणाला असं पाठवू नये म्हणून." आणि मग, "सरळ सांगायची हिंमत झाली नाही. चुकलं माझं, मार्लीस."

एवढ्याने माझा राग गेला असता तर मी मार्लीस नव्हे. मी चिमटा खाली ठेवला. "बॉल घे," मी म्हणाले. "ती पेनल्टी तुझी होती. आता मार."

"ह्या गुडघ्याने?"

"तो गुडघा तुला तेव्हाही दुखत नव्हता."

ती हसली. आम्ही दोघी मैदानात गेलो. मी ॲप्रन काढला नाही. अठ्ठावन्न वर्षांची गोलकीपर, तेलकट ॲप्रन, हातमोजे नाहीत. गुडरुनने बॉल ठेवला, दोनदा फिरवून ठेवला, तिची जुनी सवय. कपडे बदलून काही पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. गुडरुन चार पावलं मागे गेली आणि तिथून, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, तिने मला विचारलं,

"काय मार्लीस, दार लावलंस का?"

"लावलंय," मी म्हणाले. "मार."

तिने मारली. उजवीकडे, कमरेच्या उंचीवर, आणि एकोणसाठीच्या मानाने बरीच जोरात. मनात आलं, सोडावी, तिला बरं वाटेल. पण गुडरुन लिपिन्स्कीची पेनल्टी मुद्दाम सोडणं हा तिचा अपमान झाला असता, आणि सोडण्यासाठी मी कधी गोलमध्ये उभी राहिलेच नाही. मी झेप घेतली. झेप कसली, कोसळलेच. पण बोटं लागली आणि बॉल बाहेर गेला. पोरी किंचाळल्या.

मी पाठीवर पडून आभाळ बघत होते. गुडरुन लंगडत आली, ह्या वेळी खरंच लंगडत, आणि मला हात दिला.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मी मारली असती तरी गेली नसती."

पार झिजलेल्या गुडघ्याने मारलेल्या पेनल्टीवरून त्र्याऐंशी सालचं काही सिद्ध होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला चाललं नसतं. मी तिचा हात धरून उठले, ॲप्रन झटकला, आणि आम्ही पोरींसाठी ताजे सॉसेज भाजायला आत गेलो.